पाहणीतील माणूस आणि समितीतील तज्ज्ञ : गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या विस्ताराचे एक परीक्षण

एखाद्या प्रदेशाच्या आर्थिक व सामाजिक धोरणाचा अभ्यास करणारी संस्था विस्तार पावू लागली म्हणजे तो विस्तार मोजण्याची एक सोपी रीत रूढ झालेली आहे. संस्थेशी संलग्न असलेल्या तज्ज्ञांची नामावली किती लांबली, तीत कोणकोणत्या विषयांचे व विद्यापीठांचे लोक आले, शासनाच्या किती समित्यांवर संस्थेची माणसे घेतली गेली, एवढे सांगितले की प्रगती सिद्ध झाली असे मानण्यात येते. वार्षिक अहवालांची कित्येक पाने अशा नामावल्यांनी भरलेली असतात. परंतु नामावली वाढणे आणि जाणतेपणाचा पल्ला वाढणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या प्रश्नाच्या विचाराला पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचा इतिहास विशेष उपयोगी पडतो; कारण तज्ज्ञाचा व त्याच्या विषयाचा संबंध किती प्रकारांनी जुळू शकतो आणि कोठे तुटू शकतो, हे या एकाच संस्थेच्या वाटचालीत क्रमाने पाहावयास मिळते.

संस्थेची स्थापना १९३० साली भारत सेवक समाजाच्या आश्रयाने व साताऱ्याचे रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून झाली. पहिले संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ त्या वेळी अवघे एकोणतीस वर्षांचे होते. १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, संस्थेची सूत्रे त्यांच्याकडे राहिली. हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील त्यांचा प्रबंध १९२४ सालीच प्रसिद्ध झालेला होता. रुपयाचा विनिमयदर, संरक्षक जकाती, मध्यवर्ती बँक अशा त्या काळच्या गाजत्या वादांत उतरून नव्या संस्थेचा बोलबाला करून घेणे त्यांना अवघड नव्हते. संस्थेने आरंभी हाती घेतलेले विषय पाहिले म्हणजे मात्र नवल वाटते. १९३३ साली पुण्याच्या बाजारातील फळांच्या खरेदीविक्रीची पाहणी प्रसिद्ध झाली. १९३५ साली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार वाहतुकीची. १९४० साली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची. विद्यापीठीय अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे विषय त्या वेळी जवळजवळ गावंढळच म्हणावयाचे.

या विषयांच्या निवडीमागे तज्ज्ञ म्हणजे कोण याविषयीची एक निश्चित कल्पना होती. फळबाजारातील अडत कशी ठरते हे अडत्याला ठाऊक असते, खेपेमागे गाडीमालकाच्या हाती काय उरते हे गाडीमालकाला ठाऊक असते, आणि बैलजोडी ठेवणे परवडते की नाही हे शेतकऱ्याला ठाऊक असते. संशोधकाजवळ यांपैकी कोणतेच ज्ञान नसते. त्याच्याजवळ असते ती प्रश्न नेमका विचारण्याची, एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहण्याची आणि शंभर ठिकाणची उत्तरे एका कोष्टकात बसविताना काय गळून पडते हे ओळखण्याची शिस्त. वाईसारख्या तालुक्यातील शेतकरी हिशेबाची वही ठेवीत नाही. तेव्हा घरच्या माणसांच्या श्रमांना मोल कोणते लावावयाचे, घरी खाल्लेल्या धान्याची किंमत कोणत्या महिन्याच्या भावाने धरावयाची, असे प्रश्न उभे राहतात. यांची उत्तरे ग्रंथांत नसून बांधावर बसून ठरवावी लागतात, आणि ज्याने ती बांधावर ठरविली त्यालाच पुढे कोष्टकातील आकड्याचा भरवसा किती धरावा हे कळते. संस्थेचे पहिले जाळे हे अशा रीतीने माहीतगारांचे जाळे होते. कोणत्याही नामावलीत ते आढळणार नाही.

त्या जाळ्याचे कौतुक करताना त्याच्या मर्यादा विसरून चालणार नाही. पुणे, वाई, नगर जिल्ह्यातील कालव्यांचा प्रदेश, १९४८ पासून नी. वि. सोवनी यांच्या पाहणीचे खंड ज्याविषयी निघू लागले ते कोल्हापूर, ही नावे नकाशावर मांडली तर एक लहानसा पट्टा तयार होतो. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, नागपूर-वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्यप्रांतात व नंतरच्या मध्यप्रदेशात. सबब आरंभीच्या काळात तिकडे जाणे सोपे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण १९५६ नंतर ही सबब उरली नाही. त्यानंतरही पश्चिम महाराष्ट्राविषयी जेवढी तपशीलवार व पुन्हा पुन्हा केलेली पाहणी उपलब्ध झाली तेवढी अन्य भागांविषयी झाली नाही. आणि या उणिवेचे मोल पुढे द्यावे लागले, त्याचा विचार यथाक्रम होईल.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. काळे यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे संघराज्य व स्वातंत्र्य यांच्या विरोधाविषयीचे व्याख्यान झाले. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची योजना संस्थानिकांच्या हाती कशी सूत्रे देते आणि स्वराज्याची वाट कशी अडविते, याची इतकी रोखठोक चिकित्सा त्या काळात थोड्यांनीच केली असेल. नेमस्त परंपरेतून जन्मलेल्या संस्थेने ते व्यासपीठ या टीकाकाराला दिले, ही गोष्ट तिला भूषणावह आहे. मात्र रुपयाच्या प्रश्नावर व प्रांतिक वित्तव्यवस्थेवर पायाभूत ग्रंथ लिहिलेला हा अर्थशास्त्रज्ञ एका संध्याकाळचा वक्ता म्हणूनच संस्थेच्या इतिहासात राहिला. संस्थेच्या पाहण्यांत कोणते प्रश्न विचारावयाचे हे ठरविण्याशी त्याचा संबंध आला नाही. व्यासपीठ रुंद करणे आणि प्रश्नपत्रिका रुंद करणे यांत अंतर आहे. पाहुणा वक्ता संस्थेची प्रतिष्ठा वाढवितो; प्रश्न बदलणारा सहकारी संस्थाच बदलून टाकतो, आणि म्हणून त्याला बोलावण्याचे धैर्य सहसा होत नाही.

जाळे दोन्ही बाजूंनी ताणले गेल्याचे एक उदाहरण मात्र नगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात) सापडते. गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून झालेल्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची गाडगिळांची पाहणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास विठ्ठलराव विखे पाटील प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांना सहकारी साखर कारखान्यासाठी एकत्र आणीत होते, आणि लोणीजवळ उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याचे पहिले अध्यक्षपद गाडगिळांनी पत्करले. पाहणीमुळे कारखाना झाला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्या भागातील ऊस, पाणी आणि कर्ज यांचा हिशेब एका माणसाने मांडला त्याच भागातील शेतकऱ्यांच्या भागभांडवलाची जबाबदारी त्यानेच शिरावर घ्यावी, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. येथे शेतकरी हा प्रपत्रातील उत्तरदाता राहिला नाही. तो तज्ज्ञाला कामाला लावणारा झाला. अर्थशास्त्रज्ञाच्या अनुमानाची कसोटी समीक्षकांच्या अभिप्रायात नव्हे तर गळीत हंगामाच्या अखेरीस लागणार होती. अशी कसोटी किती तज्ज्ञ पत्करतील हे सांगणे कठीण आहे.

पन्नाशीत परिमाण एकदम बदलले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या व अ. दि. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५१-५२ साली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली; गाडगीळ हे या समितीचे एक सदस्य होते. ७५ जिल्हे, ६०० खेडी आणि सुमारे १,२७,००० कुटुंबे एवढा तिचा व्याप होता. शेतकऱ्याला मिळणाऱ्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के असल्याचा तिचा निष्कर्ष धोरणाला कलाटणी देणारा ठरला. वाईच्या एका तालुक्यापासून ७५ जिल्ह्यांपर्यंतची ही मजल मोठी खरी. पण तीत श्रमविभागणीही घडून आली. प्रश्न तयार करणारा एक, ते विचारीत फिरणारा दुसरा, कोष्टके करणारा तिसरा आणि शिफारस लिहिणारा चौथा. बांधावर बसून जे ठरत असे ते आता सूचनापुस्तिकेत ठरू लागले. याखेरीज एवढी मोठी पाहणी होऊच शकली नसती, हेही तितकेच खरे आहे. पण तज्ज्ञ हा शब्द या टप्प्यावर चौथ्या माणसापुरता उरला, ही नोंद केली पाहिजे.

याच काळात संस्थेच्या खर्चाची बाजूही पालटली. १९५४ साली केंद्र शासनाच्या कृषिखात्याच्या साहाय्याने येथे कृषि-अर्थशास्त्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. नियोजन मंडळाच्या संशोधन समितीकडूनही पाहण्यांना पैसा मिळू लागला. शासनाचा पैसा घेणारी संस्था शासनाविरुद्ध बोलू शकेल काय, ही शंका आजही घेतली जाते आणि ती रास्त आहे. तिचे एक उत्तर वि. म. दांडेकर व खुदानपूर यांच्या १९५७ सालच्या अहवालात मिळते. विषय होता १९४८ च्या मुंबई कुळकायद्याची अंमलबजावणी. शासनाचा कायदा, शासनाच्याच पैशाने त्याची तपासणी. तपासणीअंती निघाले ते असे की, कुळांचे संरक्षण करण्यासाठी केलेला हा कायदा बव्हंशी कुळांचे संरक्षण करू शकलेला नाही. जमिनी मालकांकडे परत गेल्या, कुळांनी आपखुषीने हक्क सोडल्याच्या नोंदी झाल्या, आणि गावातील बलाबल होते तेच राहिले.

या अहवालाचे महत्त्व त्याच्या निष्कर्षापेक्षाही तो निष्कर्ष कसा हाती आला यात आहे. कायद्याच्या अंमलाची माहिती महसूल खात्याच्या दप्तरात होतीच. दप्तरावर विसंबून राहणाऱ्या तज्ज्ञाला ‘कुळाने राजीखुशीने जमीन सोडली’ अशी नोंद सापडली असती आणि त्याने ती खरी धरली असती, कारण ती रीतसर केलेली होती. सातबाराच्या उताऱ्यावर काय लिहिले आहे आणि शेत प्रत्यक्षात कोण नांगरतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर मिळण्यास शेतावर जावे लागते, आणि पाटील व तलाठी समोर नसताना कुळाशी बोलावे लागते. हे काम मोठ्या नावाच्या सल्लागारांना आमंत्रणे धाडून होत नाही. आरंभीच्या पाहण्यांत कमावलेली सवय येथे उपयोगी पडली. संस्थेचे स्वातंत्र्य तिच्या घटनेतील कलमांनी राखले असे म्हणण्यापेक्षा ते या सवयीने राखले असे म्हणणे अधिक बरोबर होईल; कारण ज्याच्याजवळ स्वतः जमविलेला पुरावा असतो त्यालाच पैसे देणाऱ्याच्या पुराव्याला नाही म्हणता येते.

महाराष्ट्राबाहेरचा विस्तारही याच काळातला. सोवनी व नीलकंठ रथ यांचा हिराकूद धरणाच्या लाभांविषयीचा अभ्यास १९६० साली प्रसिद्ध झाला. नगरच्या कालव्यांवर तयार झालेली पद्धत महानदीच्या खोऱ्यात नेऊन पाहण्याचा हा प्रयत्न होता आणि त्याची योग्यता स्वतंत्र परीक्षणाची आहे. दांडेकर व रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील १९७१ सालचा विख्यात प्रबंध मात्र वेगळ्या जातीचा. तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९६०-६१ च्या आकड्यांवर उभा आहे. दरडोई २,२५० उष्मांकांच्या आधाराने ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के व शहरांत सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात असल्याचे त्याने दाखविले. त्याचे सामर्थ्य विश्लेषणात आहे. पाहणी करणारा माणूस येथे दुसऱ्या संस्थेचा आणि अदृश्य असा झालेला आहे. पुढे महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेतील स्त्रियांविषयी कुमुदिनी दांडेकर यांनी १९८३ साली जे लिहिले त्यात ते माणूस पुन्हा दिसू लागते: खडी फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या बाया कामावर का येतात, हे विचारल्यावाचून कळण्यासारखे नव्हते.

आता अनुशेषाच्या प्रश्नाकडे वळता येईल. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९८३ साली दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ साली आला. ती संस्थेची समिती नव्हती. तथापि संस्थेचे माजी संचालक तिचे अध्यक्ष, आणि पुण्याच्या अर्थशास्त्रीय परंपरेत तयार झालेली दृष्टी तिच्यामागे, अशी लोकांची समजूत होती व ती अगदीच निराधार नव्हती. रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण, आरोग्य अशा बाबतींत राज्याची सरासरी काढावयाची, जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याला तेथवर आणण्यास लागणारा खर्च मोजावयाचा, आणि त्या खर्चाला अनुशेष म्हणावयाचे, ही समितीची रीत. एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपयांचा निघाला: विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी, आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी.

वाद पेटला तो या शेवटच्या आकड्यावरून. नागपूर करारात १९५३ साली दिलेले शब्द आणि १९५६ साली घटनेच्या ३७१ व्या कलमात आलेली तरतूद ही प्रदेशांविषयी होती, जिल्ह्यांविषयी नव्हती. मोजण्याचे एकक जिल्हा धरताच सुस्थितीतील पश्चिम महाराष्ट्राच्या पोटातूनही अनुशेष निघाला, आणि ज्यांच्या तक्रारीसाठी समिती नेमली गेली त्यांचा वाटा त्या प्रमाणात उतरला. उलट बाजूने असे म्हणता येते, आणि ते तितकेच सबळ आहे, की मुंबई शेजारी आहे एवढ्यावरून कोकणातील खेड्याला संपन्न ठरविणे हा अन्याय होय. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच एककाची निवड हा संख्याशास्त्राचा प्रश्न नसून राजकीय न्यायाचा प्रश्न होता, आणि तो तज्ज्ञांच्या बैठकीत संख्याशास्त्राच्या वेषात सुटला असे दाखविले गेले, हा या अहवालावरील मुख्य आक्षेप राहतो. दांडेकरांच्या सचोटीबद्दल कोणी शंका घेतलेली नाही, घेण्याचे कारणही नाही. कुळकायद्याच्या नोंदीवर विश्वास ठेवण्यास ज्यांनी नकार दिला त्यांनाच येथे जिल्हावार सरकारी आकड्यांवर विसंबावे लागले, यात व्यक्तीचा दोष थोडा आणि परिस्थितीचा अधिक आहे. वाईसारखी, नगरसारखी, कोल्हापूरसारखी पाहणी यवतमाळची किंवा बीडची आधीच्या पंचवीस वर्षांत झालेली असती, तेथील माहीतगारांशी संशोधनाचा संबंध जुळलेला असता, तर समितीसमोर सरासरीखेरीज दुसरे काही मांडले गेले असते. कालवा आहे पण शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही, शाळा आहे पण मास्तर नाही, हे जिल्ह्याच्या सरासरीत दिसत नाही.

विदर्भाने व मराठवाड्याने हा अहवाल परका मानला त्याचे कारण केवळ आकडा नव्हे. त्या आकड्यामागे आपले कोणी प्रश्न विचारणारे नव्हते, ही जाणीव त्यात होती. १९९४ साली तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यानंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ चा अनुशेष १४,००६.७७ कोटी ठरविला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. इतक्या वर्षांच्या वादात दोन्ही पक्षांनी जी एक गोष्ट समितीकडून बिनतक्रार घेतली ती म्हणजे अनुशेष हा शब्द. विधिमंडळाच्या चर्चेपासून गावच्या पारापर्यंत तो रुजला. तज्ज्ञांची परिभाषा एवढी खोलवर गेल्याची उदाहरणे मराठीत फार नाहीत. आणि शब्द स्वीकारला की त्यातील गृहीतकही स्वीकारले जाते, की मागासलेपण म्हणजे न झालेल्या खर्चाची रक्कम.

येथे भाषेचा मुद्दा आपोआप पुढे येतो. संस्थेचे नियतकालिक १९५९ साली निघाले. त्याचे नाव ‘अर्थविज्ञान’, भाषा इंग्रजी. पाहण्यांचे अहवालही, थोडे अपवाद वगळता, इंग्रजीत. दांडेकर व जगताप यांचे ‘महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना’ हा त्या अपवादांपैकी एक. अखिल भारतीय विद्वानांशी संवाद साधण्यास इंग्रजी आवश्यक होती हे खरे. पण माहिती मराठीत विचारून घ्यावयाची आणि ती इंग्रजीत परत न करता ठेवावयाची, या व्यवहारात माहिती देणाऱ्याला उत्तर तपासून पाहण्याची संधीच राहत नाही. १९३३ सालच्या अडत्याला आपल्या धंद्याविषयी काय लिहिले गेले ते वाचता आले नाही, आणि १९५७ सालच्या कुळालाही नाही. प्रवरेकाठच्या सभासदाला ते वाचावे लागले नाही, कारण अध्यक्ष म्हणून गाडगीळ त्याच्यासमोर उभे राहून मराठीत बोलत होते आणि तो त्यांना मध्येच थांबवून विचारू शकत होता.